बी दळणारा पक्षी

कन्नडमधून मराठीत भाषांतर करताना मजकुरात पक्षी आला की माझा वेग निम्मा होतो. माणसाचं नाव आहे तसं ठेवता येतं, गावाचंही. पक्ष्याचं तसं नाही. तो दोन्ही मुलखांत राहत असतो, दोन्हीकडे त्याला नाव असतं आणि दोन्ही नावांभोवतीची हवा वेगळी असते. 'हसिरु पारिवाळ' हे त्यातलंच एक नाव. हसिरु म्हणजे हिरवा, पारिवाळ म्हणजे कबूतर. पारिवाळ आणि आपला पारवा हे दोन्ही शब्द संस्कृत 'पारावता'च्या घरातले, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण 'हिरवं कबूतर' लिहिलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर इमारतीच्या सज्जावरचं, रंगपंचमीत सापडलेलं कबूतर येतं. 'हरियाल' लिहिलं तर स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडतं: राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू, राज्यफूल ताम्हण. कन्नड कथेतला म्हातारा अंगणात बसून वर झाडाकडे पाहतो तेव्हा त्याला शेजारच्या राज्याचं मानचिन्ह दिसत नसतं. उरतो 'हरोळी' हा शब्द. तो मला सगळ्यांत जवळचा; पण संपादकांकडून तो बहुतेक वेळा प्रश्नचिन्ह घेऊन परत येतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात त्याला हरियल म्हणत. आजोबांच्या पिढीत हा पक्षी ताटात येई. फळांवर वाढलेलं मांस गोड लागतं, असं सांगत. साहेबांच्या शिकारीच्या आठवणींतही हिरव्या कबुतरांवर झाडलेल्या छऱ्यांची वर्णनं सापडतात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू ते ताट बंद झालं. माझ्या वाट्याला आली ती फक्त गोष्ट: हरियल कधी जमिनीला पाय लावत नाही. पाणी प्यायला उतरायचंच झालं तर पायात काडी धरून उतरतो, म्हणजे बूड झाडावरच टेकल्यासारखं. पुढे तौलनिक साहित्यात एम.ए. करताना सूरदासांच्या भ्रमरगीतात मला ती काडी पुन्हा भेटली. उद्धव निर्गुणाचा उपदेश करायला येतो, तेव्हा गोपी त्याला सांगतात की हारिल पक्षी जसा लाकूड सोडत नाही तसा आम्ही हरीला धरून ठेवलं आहे. विदर्भातल्या चुलीपुढची गोष्ट आणि ब्रजभाषेतलं पद यांच्यामध्ये कुठला ग्रंथ उभा नव्हता. मध्ये होती ती फक्त उंबर-पिंपळांची रांग आणि त्यांवर बसणारा पक्षी.

तो दिसतो कसा, हे एकदा सांगून टाकते. आकार साध्या कबुतराएवढा, अंग भरीव. डोकं राखी, मान आणि छाती पिकत आलेल्या लिंबासारखी पिवळसर हिरवी, पाठ शेवाळी. खांद्यावर जांभळट रंगाचा एक ठिपका, पंखांवर पिवळी रेघ, आणि पाय हळदीत बुडवून काढावेत तसे पिवळेधमक. डोळ्याभोवती निळं आणि गुलाबी अशी दोन कडी. नर-मादी बहुतेक सारखेच. लॅथमनं १७९०मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा त्याची नजर खांद्याच्या ठिपक्यावर गेली. 'फिनिकॉप्टेरस' म्हणजे किरमिजी पंखांचा. इंग्रजीनं पाय पाहिले आणि 'यलो-फुटेड' म्हटलं. आपण आणि कन्नडिगांनी रंग पाहिला. प्रत्येक भाषेनं पक्ष्याचा एकेक तुकडा उचलला आहे. 'ट्रेरॉन' हे त्याच्या प्रजातीचं नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ भित्रा. हा तुकडा मात्र अचूक आहे. झाडाखाली माणूस उभा राहिला की अख्खा थवा जागच्या जागी गोठतो. पानांत पान होतो. आपण रिकामं झाड म्हणून वळतो आणि डोक्यावर एकदम पंखांचा फडफडाट होतो: वीस-पंचवीस पक्षी एका श्वासात झाडाबाहेर.

आवाजही कबुतराचा नाही. घुमणं नाही, गुटरगूं नाही. कोणी माणूस काम करता करता ओठ न उघडता शीळ घालत असावा तशी वरखाली होणारी, मधेच अडणारी लकेर. म्हैसूरमध्ये मला तो आधी असा ऐकू आला. भारतीय भाषा संस्थान इथे १९६९पासून आहे. त्याच्या दक्षिण विभागीय केंद्रात इतर प्रांतांतली माणसं दहा महिने राहून कन्नड, तेलुगू, तमिळ, मलयाळम यांपैकी एक भाषा शिकतात. मीही कन्नड शिकण्याच्या निमित्तानं या गावात आले आणि राहून गेले. मानसगंगोत्रीची झाडी आणि पलीकडचा कुक्करहळ्ळी तलाव ही माझी तालमीची जागा. सकाळी तलावाच्या बांधावर चालताना मी शब्द पाठ करत असे: आल म्हणजे वड, अरळी म्हणजे पिंपळ, अत्ती म्हणजे उंबर. उन्हं येताच हरोळ्या सगळ्यांत उंच, उघड्या फांदीवर अंग शेकत बसलेल्या असत. ऊन तापलं की त्या पानांत उतरत आणि दिवसभर फक्त ऐकू येत.

चौथा शब्द होता गोणी. हे झाड वडाच्याच कुळातलं. कोवळी पानं लोकरीसारखी लवदार, फळं देठाशिवाय जोडीनं फांदीला चिकटलेली, पिकली की नारिंगी-लाल. वनस्पतिशास्त्रात बराच काळ त्याचं नाव 'फायकस मायसोरेन्सिस' होतं, म्हणजे या गावाचंच. आता ते 'फायकस ड्रुपेशिया' या नावाखाली गेलं आहे. मराठीत गोणी म्हणजे पोतं. कन्नडमध्येही पोत्याला गोणीच म्हणतात, आणि तरी कन्नड माणूस 'गोणी मरा'खाली बसतो तेव्हा त्याला पोतं आठवत नाही. भाषांतरात मी 'गोणीचं झाड' असंच लिहिते. वाचक दोन ओळी अडखळतो, मग बसतो सावलीत.

हरोळीचं दक्षिणेतलं वास्तव्य जुनं आहे आणि साहित्यातही जुनं आहे. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात रघूचं सैन्य दिग्विजय करत मलय पर्वताच्या पायथ्याशी पोचतं. तिथल्या मिरवेलींच्या बनात हारीत पक्षी भिरभिरत असतात. हारीत म्हणजे कोण? मोनियर-विल्यम्सच्या कोशात तो एक प्रकारचा पारवा आहे आणि त्याचं चालू नाव 'हारिल' असं दिलं आहे. पण हिरवा पक्षी म्हटलं की सहज हाताशी येतो तो पोपट. मूळ जागा मात्र नेमकी आहे: सह्याद्रीचा दक्षिण भाग, मिरीचे वेल, हिरवी कबुतरं. त्या ओल्या जंगलात आज प्रामुख्यानं भेटते ती हरोळीची बहीण, राखी कपाळाची. तिच्या नराची पाठ तांबूस-तपकिरी. तिला दाट अरण्य लागतं. पिवळ्या पायांची हरोळी अधिक सोशीक. पानगळीचं रान, माळावरचा एकटा वड, शहरातला रस्ता, कुठेही फळ असलं की तिचं भागतं. पक्ष्यांना सीमा नसतात असं वाक्य सीमाभागाच्या व्याख्यानांत हमखास येतं. मला ते पटत नाही. हरोळीला सीमा असते. पिकलेल्या झाडापासून पुढच्या पिकलेल्या झाडापर्यंत.

हे सगळं मी शब्दांच्या हौसेनं जमवत होते. त्याचा हिशेब द्यायची वेळ आमच्या भागातल्या एका गोणीच्या झाडामुळे आली. रस्ता रुंद करायचा होता आणि झाड आखलेल्या रेषेत येत होतं. १९७६च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. आमच्याकडे हरकती मागवल्याचा कागद खोडावर लागला. समोरच्या घरात राहणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळी गल्ली मेष्ट्रु म्हणते, त्यांनी कन्नडमध्ये एक पानी निवेदन लिहिलं. नव्या सदनिकांतल्या मुलांना आणि इंग्रजी वर्तमानपत्राला देण्यासाठी त्यांना त्याचं इंग्रजी रूप हवं होतं. 'अम्मा, तुमचं कामच हे,' म्हणत त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

निवेदन चांगलं होतं. सावली, शाळेची मुलं, झाडाखालचा नागाचा कट्टा, सगळं क्रमानं. शेवटच्या परिच्छेदात हरोळ्या होत्या. हे पक्षी या झाडाची फळं खाऊन त्याच्या बिया दूरवर टाकतात आणि अरण्य वाढवतात, तेव्हा हे एक झाड तोडणं म्हणजे पुढची हजार झाडं तोडणं होय, असा त्याचा आशय होता. वाक्याला कन्नडमध्ये छान लय होती. इंग्रजीतही ती आणता आली असती. पण ते खरं नव्हतं.

फळं खाणारी सगळी कबुतरं बिया पसरवत नाहीत. कोडगूच्या सदाहरित रानात ड्युक्युला गटातली मोठी कबुतरं आहेत. ती रानजायफळासारखं मोठ्या बियांचं फळ सबंध गिळतात, गर पचवतात आणि बी अखंड बाहेर टाकतात. हरोळीचं तसं नाही. तिची पेषणी जाड, स्नायूंची, आणि आत वाळूचे बारीक खडे. काउल्स आणि गुडविन यांनी १९५९ साली 'आयबिस' या नियतकालिकात ट्रेरॉन कबुतरांच्या बी पचवण्यावर लिहिलं होतं. उंबरवर्गातल्या फळांची बी या पेषणीत दळली जाते. त्यानंतर मलेशियातल्या सखल प्रदेशातील जंगलात लॅम्बर्ट यांना हेच आढळलं: हिरवी कबुतरं बहुतांशी बी खाणारी, पेरणारी क्वचितच. म्हणजे आमच्या गोणीची बी दूर नेणारे होते ते कोकीळ, साळुंक्या, रात्री येणारी वटवाघळं, आणि तो अखंड 'कुटुर्र' करणारा कुटुर्गा, ज्याला कन्नडमध्येही 'कुट्रु हक्की' म्हणतात. हरोळी येते ती जेवायला. आणि गंमत पाहा, दळायला खडे लागतात, खडे जमिनीवरच मिळतात. जमिनीला पाय न लावणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जमीन असते.

भाषांतरकाराचा एक धर्म आहे: मूळ लेखक जे म्हणतो ते न्यायचं. मतभेद असला तरी न्यायचं. कादंबरीतल्या पात्रानं पृथ्वी सपाट आहे म्हटलं तर मी ती गोल करत नाही. हे वाक्यही तसंच नेता आलं असतं. खाली सही मेष्ट्रूंची असणार होती, हेतू चांगला होता, आणि त्या कार्यालयात बी दळणाऱ्या पेषणीबद्दल कोणी विचारील अशी शक्यता नव्हती. उलट तेच वाक्य सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं असतं. पण कादंबरीतलं पात्र आणि निवेदन यांत फरक आहे. निवेदनावर कोणीतरी निर्णय घेणार असतं. शिवाय ते मेष्ट्रूंच्या नावानं छापून येणार होतं, आणि त्यांनी चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांतली चुकीची उत्तरं तांबड्या शाईनं खोडली होती. मी इंग्रजीत बाकी सगळं केलं, तेवढी जागा मोकळी ठेवली आणि त्यांच्याकडे गेले.

'तुम्हाला भाषांतर सांगितलं होतं की तपासणी?' त्यांनी विचारलं. रागानं नाही, पण हसूनही नाही. मी पेषणीचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'हागादरे इदु कळ्ळ हक्की?' म्हणजे मग हा चोर पक्षी म्हणायचा?

त्या प्रश्नानं मला अडवलं. उपयोगी नसेल तर चोर. मधली जागाच नाही. आपण पक्ष्यांबद्दल असं बोलतो आणि माणसांबद्दलही. दर वर्षी ३० सप्टेंबरला, भाषांतर दिनाच्या दिवशी, व्यासपीठावरून कोणीतरी आम्हा लोकांना सेतू म्हणतं, बीज वाहून नेणारे पक्षी म्हणतं. त्या उपमेतही हाच हिशेब आहे: तुम्ही दुसऱ्याचं काही पोचवता म्हणून तुमची किंमत. मी आयुष्यात जे कन्नड वाचलं त्यातलं फार थोडं मराठीत नेलं. बाकीचं माझ्यातच दळलं गेलं, माझं झालं. त्या वाचनाचा कोणाला काही उपयोग झाला नाही, पण ते चोरीचं नव्हतं.

मेष्ट्रूंना मी यातलं काही बोलले नाही. झाडाची बाजू सांगितली. उंबर, वड, पिंपळ, गोणी यांचं फळ म्हणजे आत वळलेला फुलोरा. त्यात शिरणारी इवलीशी वरंवट त्याचं परागण करते, तिच्या अळ्या काही फुलांवर वाढतात, बाकीच्यांची बी होते. एकेका फळात शेकड्यांनी बी. झाडानं खाणाऱ्यांचा वाटा आधीच धरलेला असतो. ती वरंवट पंख फुटल्यावर एक-दोन दिवसच जगते, तेवढ्यात तिला दुसरं फुलोऱ्यावर आलेलं झाड गाठावं लागतं. म्हणून एका जातीची सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. कोणी माघात, कोणी ज्येष्ठात, कोणी ऐन पावसात. कुठे ना कुठे एक झाड पिकलेलं असतं आणि त्या क्रमावर हरोळ्या, कोकीळ, वटवाघळं, माकडं सगळी वर्ष काढतात. क्रमातलं एक झाड गेलं तर त्या आठवड्यांत जेवण नाही. बी पेरणारी पाखरंही मग येत नाहीत.

हे ऐकताच मेष्ट्रु उठले आणि आतून विमा कंपनीच्या डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन आले. अकरा वर्षांच्या. दुधाचा हिशेब, पेन्शनची तारीख, आणि मधे मधे 'गोणी हण्णु', म्हणजे गोणीला फळ आलं. तारखेसकट. त्याच पानांवर अरळी आणि आलाच्याही नोंदी. पुढे किती हरोळ्या दिसल्या तो आकडा. एका वर्षी आडव्या फांदीवर घरटंही होतं: 'चार काड्या, खालून दोन पांढरी अंडी दिसतात.' हरोळीचं घरटं तसंच असतं, बांधायला घेतलं आणि मधेच कंटाळा आला असं. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून तक्ता केला. गोणी बहुतेक वर्षी पिकत होती ती आसपासचा पिंपळ आणि वड रिकामे असतानाच. शेवटचा परिच्छेद मेष्ट्रूंनी पुन्हा लिहिला. पहिल्याइतकी लय त्याला नव्हती. त्यात महिने होते, आकडे होते. मी तो तसाच, कोरडाच, इंग्रजीत नेला.

सुनावणीच्या दिवशी एका तरुण अभियंत्यानं अपेक्षित प्रश्न विचारला, 'या पक्ष्यांचं प्रयोजन काय?' मेष्ट्रु म्हणाले, 'ते जेवायला येतात, सर. इथे त्यांचं ताट या महिन्यात मांडलेलं असतं, दुसरीकडे नसतं.' आणि तक्ता पुढे केला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अधिकाऱ्यानं कागद उलटसुलट पाहिला, झेरॉक्स मागितली. काही आठवड्यांनी निर्णय आला: खोड राहील, पदपथ त्याला वळसा घालेल, रस्त्याकडच्या फांद्या मात्र काढल्या जातील. दोन दिवस करवत चालली. चिकाचा वास गल्लीत आठवडाभर होता.

तक्त्यामुळे झाड वाचलं की कट्ट्यावरच्या नागामुळे, यावर गल्लीत दोन पक्ष आहेत. काही जण अजून म्हणतात की हजार झाडांचं ते वाक्य ठेवलं असतं तर फांद्याही वाचल्या असत्या. असेलही. मेष्ट्रूंनी त्यावर कधी वाद घातला नाही. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं की तुमच्याकडे या पक्ष्याला काय म्हणतात. मी तीन नावं सांगितली. त्यांनी 'हरोळी' निवडलं आणि कन्नड लिपीत डायरीत लिहून घेतलं, 'ळ' ठळक काढून.

पुढच्या हंगामात गोणी उरलेल्या अर्ध्या अंगानं फळली. त्या पानांवर हरोळ्यांचा सर्वांत मोठा आकडा नऊचा आहे. आदल्या वर्षी तेवीस होता. मेष्ट्रूंनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आहेत. फांद्या गेल्या म्हणून पक्षी घटले, की त्या वर्षी दुसरीकडे कुठे झाड पिकलं होतं, हे सांगायला एक हंगाम पुरत नाही, असं ते म्हणतात. कारणाच्या रकान्यात त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही.